कोठडीत मारहाण झाली? पहिल्या अठ्ठेचाळीस तासांतल्या या चुका टाळा

सोमवारी सकाळी रिमांडला आणलेला विशीतला पोरगा तळपायांच्या बाहेरच्या कडांवर चालत होता. चपला हातात. मॅजिस्ट्रेटनी मान वर न करता विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" पोरगा म्हणाला, "नाही साहेब." कोर्टाच्या रोजनाम्यात तीन शब्द पडले: आरोपीची तक्रार नाही. बाहेर आल्यावर त्याची आई मला म्हणाली, "दादा, पाय टेकवत नव्हता त्याला. मग बोलला का नाही?" बोलणार कसा? मागे दोरी धरून उभा असलेला शिपाईच आदल्या रात्री पट्टा घेऊन उभा होता, आणि दुपारी त्याच्याच गाडीतून परत जायचं होतं.

पुढची दोन वर्षं आम्ही अर्ज केले, निवेदनं दिली, कलेक्टर कचेरीसमोर बसलो. सगळं त्या तीन शब्दांवर येऊन आपटायचं. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

"चौकशीला नेलंय, संध्याकाळी सोडतील"

सगळ्यात जास्त मार बसतो तो अटक कागदावर येण्याआधी. शनिवारी दुपारी उचललेला माणूस रविवारी रात्री 'अटक' दाखवला, की मधल्या तीस तासांत तो कुठेच नव्हता. घटनेचं कलम २२ चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा म्हणतं, पण ते चोवीस तास मोजायचे कुठून, हे घरच्यांनी ठरवावं लागतं. आणि घरचे त्या वेळी कुणा ओळखीच्या पुढाऱ्याच्या दारात बसलेले असतात.

जुने कार्यकर्ते अशा वेळी पोस्टात धावायचे आणि एसपींना तार करायचे, कारण तारेवर वेळ छापून यायची. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. आता ११२ ला फोन करा आणि लगेच एसपी किंवा आयुक्तालयाच्या ईमेलवर चार ओळी पाठवा: अमुक व्यक्तीला अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून, अमुक गाडीतून नेलं आहे, अटकेचं कारण सांगितलेलं नाही. शिव्याशाप नकोत, राजकारण नको. ईमेलवर वेळ आपोआप पडते आणि ती नंतर कुणाला बदलता येत नाही. कंट्रोल रूमला फोन करणाऱ्याने स्वतःच्या वहीतही वेळ टिपून ठेवावी.

अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. ही अट डी. के. बसू निकालातून आली. पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष असलेल्या बसूंनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. आज यातलं बरंच काही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे: कलम ३६ मध्ये अटक पंचनामा, ४८ मध्ये नातेवाइकांना कळवणं, ३८ मध्ये चौकशीदरम्यान वकिलाला भेटणं. तुम्हाला सहीला बोलावलं तर चूक एकच होते, वेळेचा रकाना न वाचता सही ठोकणं. वेळ खोटी असेल तर सहीखाली आपल्या हाताने खरी वेळ लिहा. लिहू देत नसतील तर सही करू नका, आणि का केली नाही याचा ईमेल तिथल्या तिथे करा.

रिमांडला गप्प बसणं

मॅजिस्ट्रेट 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' हा प्रश्न का विचारतात, हे वकिलांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा महिला कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की समोर आणलेल्या प्रत्येकाला मॅजिस्ट्रेटने छळाबद्दल विचारायचं आणि वैद्यकीय तपासणीचा हक्कही समजावायचा. आज त्यातला प्रश्न उरलाय. समजावणं कुठे गेलं, कोण जाणे.

म्हणून आरोपीच्या धैर्यावर विसंबू नका. वकिलाने हाक पडण्याआधीच लेखी अर्ज द्यायचा. त्यात चार मागण्या: पोलिसांना बाहेर पाठवून विचारा, शरीर स्वतः पाहून रोजनाम्यात लिहा, दुसऱ्या सरकारी रुग्णालयात तपासणीचा आदेश द्या, आणि पीसीआर (पोलीस कोठडी) न देता एमसीआर (न्यायालयीन कोठडी) द्या. शेवटची मागणी मान्य झाली तर माणूस ठाण्याऐवजी तुरुंगात जातो आणि पट्ट्यापासून लांब होतो. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन लावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आणि पोरगा "नाही साहेब" म्हणून बसलाच असेल तर? सगळं संपत नाही. तुरुंगात घेताना तिथले डॉक्टर तपासतात आणि अंगावरच्या जखमा नोंदवतात. त्या वेळी सांगायचं. तुरुंग अधीक्षकांमार्फत कोर्टाला अर्ज करता येतो. 'त्या दिवशी पोलीस मागे उभे होते म्हणून बोललो नाही' हे वाक्य त्यात जसंच्या तसं लिहावं. दोन दिवसांनी आलेला असा अर्ज कोर्टाला पटू शकतो, दोन महिन्यांनी आलेला 'वकिलाने शिकवलेला' वाटतो.

मेडिकल 'उरकणं'

रात्री एक वाजता, कॅज्युअल्टीत पंधरा पेशंट, आणि पोलीस म्हणतात, "डॉक्टर, एवढं मेडिकल करून द्या." डॉक्टर लांबूनच विचारतात, काही दुखतंय का. फॉर्मवर 'ताजी जखम नाही' येतं. तळपाय कुणी बघतच नाही, कारण तळपाय बघायला माणसाला झोपवावं लागतं.

डॉक्टरांना शत्रू मानून त्यांच्या अंगावर जाणं ही इथली मोठी चूक. मी एकदा आवाज चढवला होता. त्यानंतर त्या कागदावर जे एक वाक्य आलं असतं, तेही आलं नाही. शांतपणे मागायचं ते असं: पोलीस ऐकू येणार नाही इतक्या लांब उभे राहोत, हकीकतीच्या रकान्यात पेशंट सांगतो ते त्याच्याच शब्दांत येऊ द्या, तळपाय, पोटऱ्या, मांड्यांची मागची बाजू आणि कान तपासा, एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर द्या. अटकेनंतरच्या तपासणीच्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायलाच हवी, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. कोठडी लांबली तर दर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा तपासणी, हे बसू निकालात आहे.

काळानिळा वळ कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो, मग हिरवट होतो, मग पिवळा. त्यामुळे पहिल्या रात्री 'काही नाही' लिहिलं गेलं तरी दुसरी तपासणी मागायची. संयुक्त राष्ट्रांचा इस्तंबूल प्रोटोकॉल हा डॉक्टर-वकिलांसाठीचा दस्तऐवज १९९९ चा आहे, २०२२ मध्ये तो सुधारला. त्यातल्या दोन गोष्टी डोक्यात ठेवा. जखम सांगितलेल्या प्रकाराशी कितपत जुळते, हे डॉक्टरांनी लिहायचं असतं. आणि खूण दिसत नाही म्हणजे छळ झालाच नाही, असं समजायचं नसतं.

सुटून आलेल्या माणसाचे फोटो काढताना जखमेजवळ पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा. एक फोटो जवळून, एक चेहऱ्यासकट लांबून, दिवसाउजेडी, आणि सलग चार दिवस. फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवून मूळ फाइल उडवू नका, तो फोन जपा. रक्ताचे कपडे आई हमखास धुते. आधी तिला सांगा. कपडे वाळवून कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नाही.

विशेषणांची तक्रार

"पोलिसांनी माझ्या निष्पाप मुलास अमानुष, पाशवी व निर्घृणपणे मारहाण करून त्याचे जीवन उद्ध्वस्त केले." असे अर्ज मी ढिगाने पाहिलेत, लिहिलेतही. यात तपासण्याजोगं काहीच नाही. याऐवजी असं:

"शनिवारी रात्री अकराच्या सुमारास डीबीच्या (गुन्हे शोध पथकाच्या) खोलीत मला भिंतीला पाठ लावून बसवले. पाय पुढे बांधले. गिरणीच्या पट्ट्याने दोन्ही तळव्यांवर मारले. किती फटके ते मोजले नाहीत. मधे उठवून जागेवर उड्या मारायला लावल्या. मारणारा साध्या कपड्यात होता, डाव्या मनगटावर गोंदण आहे. दुसरा त्याला 'भाऊ' म्हणत होता."

'मोजले नाहीत' हे लाख मोलाचं आहे. जे आठवत नाही ते आठवत नाही असंच लिहा. शॉक दिला नसताना शॉक लिहिला, तर वैद्यकीय अहवालापुढे खरा पट्टाही खोटा पडतो.

आणि 'निष्पाप' काढून टाका. माझं यावर बऱ्याच सहकाऱ्यांशी भांडण आहे. मुलाने चोरी केली असेल किंवा नसेल, पट्टा दोन्ही वेळेला गुन्हाच आहे. कबुलीसाठी दुखापत करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गंभीर दुखापत असेल तर दहा. तुम्ही निष्पापपणावर केस उभी केलीत की समोरचा जुने गुन्हे काढतो आणि चर्चा तिकडे वळते. पारध्यांच्या बाबतीत हे रोजचं आहे. १८७१ चा गुन्हेगार जमात कायदा १९५२ मध्ये गेला, पण घरफोडी झाली की गाडी अजून आधी पालाकडे वळते.

चुकीचं दार, चुकीची तारीख

उत्साहाच्या भरात एकच अर्ज राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, राज्य आयोग, मुख्यमंत्री, राष्ट्रपती असा सगळीकडे जातो. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम ३६ प्रमाणे राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही. एकच दार निवडा. महाराष्ट्र राज्य आयोग मुंबईत सीएसएमटीसमोर आहे. घटनेपासून एक वर्ष उलटलं की दोन्ही आयोग चौकशी करू शकत नाहीत.

दुसरी तारीख आणखी जवळची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ अधिकाराच्या आडून केलेल्या कृत्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालतं. मारहाण अधिकारात बसतच नाही, हा युक्तिवाद भक्कम आहे, पण तो करण्याची वेळ का आणायची? सहा महिन्यांच्या आत कोर्टात जा.

सीसीटीव्हीचं तर दुखणंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी ठेवा, असा आदेश दिला. लोक माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून तीस दिवस थांबतात आणि मग 'तांत्रिक बिघाड' असं उत्तर येतं. चित्रण मागू नका, आधी ते जपून ठेवायला सांगा. रिमांडच्याच दिवशी कोर्टाकडून आदेश घ्या, त्यात कॅमेरा आणि वेळ घाला: प्रवेशद्वार आणि लॉकअपसमोरचा पॅसेज, शनिवार दुपारी दोन ते सोमवार सकाळी दहा.

माणूस गेलाच, तर एवढं तरी करा. एडीच्या (आकस्मिक मृत्यूच्या) कागदावर 'आमची कुणावर तक्रार नाही' अशी सही देऊ नका. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याने करायची असते, तहसीलदाराने नाही. शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा आणि अंत्यविधीची घाई करणाऱ्यांना थांबवा. सांगलीत २०१७ मध्ये कोठडीत मरण पावलेला तरुण पळून गेला असं दाखवून आंबोलीत त्याचं प्रेत जाळल्याचा गुन्हा पोलिसांवरच नोंदला गेला.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली, अनुसमर्थन अजून केलेलं नाही. लोकसभेने २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, ते पुढे बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला. तोही तसाच पडून आहे. कायदा व्हावा म्हणून आम्ही दर वर्षी २६ जूनला, छळपीडितांसाठीच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, पत्रकं वाटतो. पत्रक वाटताना त्या पोराची गोष्ट सांगायचा मोह होतो. त्याची इच्छा न विचारता आम्ही त्याला ती तीन पत्रकारांना सांगायला लावली होती. तिन्हीकडे तपशील थोडा वेगळा छापून आला आणि उलटतपासणीत तीन कात्रणं टेबलावर आली. त्यानंतर तो फोन उचलेनासा झाला.

त्याचा एक कागद मात्र आमच्या नकळत झाला होता. तुरुंगाच्या दाखल नोंदीत डॉक्टरांनी पाचव्या दिवशी लिहून ठेवलं होतं: 'दोन्ही तळव्यांना सूज, चालताना त्रास.' ती नक्कल आमच्या हातात आली चौदाव्या महिन्यात.