टर्बोसाठी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बनवताय? स्प्रिंग कडक करण्याआधी या चुका टाळा

म्हापशात असो की मडगावात, गॅरेजात टर्बो पेट्रोल गाडीवर घरचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘बूस्ट वाढवलाय ना, मग स्प्रिंग कडक टाका.’ फसलेल्या बहुतेक डिझाइनचं मूळ या वाक्यात आहे. (बूस्ट म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचा, बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब.) कुकरच्या शिट्टीसारखा दाब वाढला की उघडणारा, असं गृहीत धरून हा व्हॉल्व्ह बनवला जातो. त्याचं खरं काम वेगळं आहे. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप) मिटतो, पण टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्यांनी फिरतच असतं. पुढे वाट नाही म्हटल्यावर हवा कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून) उलटी फिरते. हीच सर्ज. तिचा मार थेट टर्बोच्या थ्रस्ट बेअरिंगवर बसतो. त्या क्षणी अडकलेल्या हवेला वाट करून देणं, एवढंच या व्हॉल्व्हचं काम.

स्प्रिंगचा हिशोब बूस्टवरून करणं

ही सगळ्यात महागाची चूक, म्हणून आकडे मांडूनच बघू. समजा सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती गोल कडा, 30 मिमी व्यासाची आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 707 चौरस मिमी. व्हॉल्व्हला वरून जोडलेला डायफ्राम (लवचीक पडदा) 45 मिमीचा, म्हणजे सुमारे 1590 चौरस मिमी. डायफ्रामच्या वरच्या कप्प्याला थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूच्या मॅनिफोल्डमधून (हवा सिलिंडरांना वाटणाऱ्या नळांतून) नळी जोडलेली आहे आणि खालची बाजू बाहेरच्या हवेला उघडी आहे.

पूर्ण थ्रॉटलवर 1 बार बूस्ट असताना सीटखालून साधारण 71 न्यूटन जोर व्हॉल्व्ह उघडायला बघतो. पण तोच 1 बार डायफ्रामवर वरून 159 न्यूटनने दाबतो. स्प्रिंग मोजायच्या आधीच व्हॉल्व्ह घट्ट बंद आहे. बूस्ट वाढवलात तर तो आणखी घट्ट बसेल. कडक स्प्रिंगची इथे गरजच नाही.

स्प्रिंग ठरते ती आयडलवरून, म्हणजे पाय न देता इंजिन हळू चालू असतानाच्या स्थितीवरून. आयडलला मॅनिफोल्डमध्ये 0.6 बार व्हॅक्यूम धरला तर डायफ्राम 95 न्यूटनने वर ओढला जातो. हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आयडलला मिटलेलाच हवा, म्हणून स्प्रिंगचा प्रीलोड (व्हॉल्व्ह बंद असतानाचा तिचा जोर) त्याहून थोडा जास्त, समजा 105 न्यूटन. आता बूस्टमध्ये असताना पाय काढला: व्हॅक्यूम 0.7 बार झाला की 111 न्यूटनची ओढ आणि खालून 71 न्यूटनचा रेटा, मिळून 182. व्हॉल्व्ह चटकन उघडतो. तिथे ‘कडक’ म्हणून 200 न्यूटनची स्प्रिंग टाकली असती तर तो उघडलाच नसता. मात्र तुमच्या इंजिनाचा आयडल व्हॅक्यूम गेजवर प्रत्यक्ष मोजा, आणि एसी बंद व चालू अशा दोन्ही वेळा मोजा.

डायफ्राम सीटपेक्षा लहान ठेवला तर हे सगळं गणित उलटतं आणि पूर्ण बूस्टवर हवा गळू शकते. लेथवर बनवलेल्या सुबक, देखण्या पिस्टन व्हॉल्व्हमध्येही ही चूक असते.

तोंड मोठं, लिफ्ट तोकडी

30 मिमीचं तोंड ठेवायचं आणि व्हॉल्व्ह 3 मिमीच उचलू द्यायचा, हेही वारंवार घडतं. हवा जाते ती सीटच्या कडेच्या गोल फटीतून. त्या फटीचं क्षेत्रफळ तोंडाएवढं व्हायला लिफ्ट व्यासाच्या चौथा हिस्सा हवी, म्हणजे इथे 7.5 मिमी. स्प्रिंगच्या कॉइल त्याआधीच एकमेकींना टेकत नाहीत ना, हे व्हाइसमध्ये दाबून पाहा.

सुपरचार्जरला टर्बोचा व्हॉल्व्ह लावणं

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच फिरवतं तो हवेचा पंप. बेल्टवर चालणारा सेंट्रिफ्युगल (टर्बोसारख्याच चाकाचा) सुपरचार्जर थ्रॉटल मिटला तरी क्रँकच्या वेगाला बांधलेलाच राहतो. टर्बोच्या व्हॉल्व्हला क्षणभराचा झोत सोडायचा असतो, इथे प्रवाह चालूच राहतो. 1.5 लिटरचं इंजिन, 6000 आरपीएम, 1 बार बूस्ट: हवा सेकंदाला सुमारे 0.145 किलो. आपला 30 मिमीचा व्हॉल्व्ह 2 बार निरपेक्ष दाबावर (बाहेरच्या हवेचा 1 बार धरून, म्हणजे 1 बार बूस्टवर) सेकंदाला 0.2 किलोच्या वर सोडतो, त्यामुळे कागदावर तो पुरेसा वाटतो. पण नळीतला जादा दाब 0.2 बारवर उतरला की त्यातून साधारण 0.11 किलोच जाते. उरलेली हवा साचते आणि सर्ज सुरूच राहते. इथे मोठा व्हॉल्व्ह किंवा दोन व्हॉल्व्ह लागतात.

रूट्स आणि ट्विन-स्क्रू या जोड-रोटरच्या सुपरचार्जर प्रकारांत थ्रॉटल सहसा ब्लोअरच्या आधी असतो. तिथे बायपास व्हॉल्व्ह सावकाश चालवताना उघडा राहून हवा ब्लोअरच्या तोंडाशी परत फिरवतो. तो नसेल तर हवा विनाकारण तापते आणि इंजिनाची ताकद फुकट जाते.

मोजलेली हवा बाहेर सोडणं

गाडीत एअर-फ्लो सेन्सर असेल तर कंट्रोल युनिटने ती हवा आधीच मोजून तेवढं पेट्रोल ठरवलेलं असतं. ती बाहेर गेली की मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. पणजीच्या सिग्नलला क्लच दाबताच गाडी बंद पडते ती यामुळे. अशा गाडीत हवा टर्बोच्या तोंडाशी परत न्या. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या गाडीत ही अडचण येत नाही. डिझेलवर शिट्टीच्या हौसेने ब्लो-ऑफ लावू नका. मालिमच्या जेटीवरच्या ट्रॉलरचं डिझेल इंजिन घ्या: थ्रॉटलच नाही, तर हवा अडकणार कुठे?

गोव्याची हवा विसरणं

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साध्या तारेची स्प्रिंग एका पावसात गंजते. स्टेनलेसच घ्या. डिचोली-सांखळी भागातली तांबडी धूळ आयडलला उघड्या राहणाऱ्या व्हॉल्व्हमधून फिल्टर चुकवून थेट आत जाते. पिस्टनचा प्रकार असेल तर धातूंची जोडीही बघा. पोलादी बोअरमध्ये 30 मिमीचा ॲल्युमिनियम पिस्टन 80 अंशांनी तापला की बोअरपेक्षा सुमारे 0.026 मिमी जास्त फुगतो. ‘फिटिंग एकदम टाइट’ म्हणून 0.02 मिमी क्लिअरन्स ठेवलात तर तो गरम झाल्यावर अडकणारच. थंड टेबलावर मात्र लोण्यासारखा सरकतो, म्हणून दोष पटकन सापडत नाही.

बूस्ट मर्यादेचं काम ब्लो-ऑफ व्हॉल्व्हवर टाकणं

बूस्ट आवरतो तो एक्झॉस्टकडचा वेस्टगेट, म्हणजे टर्बोला चुकवून थोडा गॅस बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. तो लहान पडला किंवा गॅसच्या वाटेपासून फार वळवून बसवला, तर आरपीएमबरोबर बूस्ट चढत जातो. वेस्टगेटच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कुठलाही बूस्ट कंट्रोलर देऊ शकत नाही. साधा वेस्टगेट बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करतो, म्हणून चोर्ला घाट चढून बेळगावला, सुमारे 750 मीटरवर पोचल्यावर निरपेक्ष दाब थोडा उतरलेला दिसतो. तो बिघाड नाही.

निरपेक्ष आणि गेज दाबाची (गेज म्हणजे बाहेरच्या हवेच्या वरचा, बूस्ट हाच) गल्लत इथेच होते. फॉर्म्युला वनने 1987 मध्ये पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या दाबाला उघडणारा) सक्तीचा करून 4 बारची मर्यादा घातली, 1988 मध्ये ती 2.5 बार केली. हे आकडे निरपेक्ष दाबाचे. 2.5 म्हणजे आपल्या भाषेत दीड बार बूस्ट.

फडफड ऐकू आली तर

पाय काढल्यावर ‘तुतुतुतु’ असा आवाज येत असेल तर आधी नळी बघा. सिग्नलची नळी लांब, बारीक किंवा दुसऱ्या कशाला टी मारून जोडलेली असेल तर व्हॉल्व्हला निरोप उशिरा पोचतो. तिला मॅनिफोल्डवर स्वतंत्र निपल द्या. मग हाताच्या व्हॅक्यूम पंपाने डायफ्राम ओढून बघा: पंपाच्या गेजची सुई धरून राहिली पाहिजे. हळूहळू उतरली तर डायफ्राम फाटलाय. तेलाच्या वाफेत साधं सिलिकॉन नरम पडतं, तिथे फ्लुरोसिलिकॉन टिकतं. इतकं सगळं ठीक निघालं तरच स्प्रिंगला हात लावा, आणि तेव्हाही आधी एक पायरी नरम करून बघा.