स्टेशनचं फुकट वायफाय वापरायचंय? तयारी घरूनच करून निघा

पहिलं काम जुनी नेटवर्क पुसायचं. पासवर्ड नसलेलं वायफाय फोन निव्वळ नावावरून ओळखतो. मुंबई सेंट्रलला जानेवारी 2016 मध्ये सुरू झालेलं रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वायफाय आता हजारो स्टेशनांवर आहे. ‘रेलवायर’ हे त्याचं नाव फोनमध्ये सेव्ह असेल, तर पलीकडच्या बाकावर कुणी त्याच नावाचा हॉटस्पॉट चालू केला तरी फोन न विचारता त्याला जोडला जातो. त्यामुळे सेव्ह केलेल्या यादीतली कॅफे, लॉज, विमानतळाची नावं ‘फर्गेट’ करा. एखादं ठेवायचंच असेल, तर त्याचं ऑटो-कनेक्ट बंद करा.

फोन आणि ब्राउझरचे अपडेट घरीच उरका. व्हीपीएन (आपली सगळी ये-जा कुलूपबंद करून स्वतःच्या सर्व्हरमधून नेणारं अ‍ॅप) वापरणार असाल तर तोही घरीच टाकून, चालवून बघा. फुकटातला अनोळखी व्हीपीएन नको. वायफायवाल्याऐवजी त्याच्यावर विश्वास टाकण्यात काय हशील? स्टेशनवर क्रम पाळा: आधी वायफायचं लॉगिन, मग व्हीपीएन. उलट केलंत तर लॉगिनचं पान बहुधा उघडतच नाही. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला (साइटचे पत्ते शोधण्याच्या सेटिंगला) सर्व्हरचं नाव दिलेलं असेल तरी हाच घोळ होऊ शकतो.

लॉगिनच्या पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणं नेहमीचंच. फुकट वापरासाठी कार्ड नंबर, आधार, यूपीआय पिन किंवा जीमेलचा पासवर्ड मागितला, एखादं एपीके (प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅपची फाइल) किंवा सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) टाकायला सांगितलं, तर तिथेच वायफाय तोडा. आजकाल बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवणाऱ्या असल्यानं चोराला हवेतून पासवर्ड वाचणं अवघड झालंय; खोटं पान दाखवून तो आपल्याच हातानं टाइप करून घेणं सोपं. सर्टिफिकेटचा इशारा आला तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. लॉगिन व्हायच्या आधी असा इशारा खऱ्या नेटवर्कवरही येतो. तेव्हा नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com, मुद्दाम एचटीटीपीएस न वापरणारी साइट) उघडा, म्हणजे लॉगिनचं पान समोर येतं.

विंडोज लॅपटॉपवर नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवा, फाइल शेअरिंग बंद. तिकीट, डिजिलॉकरमधली कागदपत्रं आधीच डाउनलोड करून ठेवा. बँक आणि यूपीआय मात्र वायफाय बंद करून मोबाइल डेटावरच. डेटा पुरेसा असेल तर लॅपटॉपलाही स्वतःचा हॉटस्पॉट द्या. निम्मी कटकट मिटते.

खोट्या पानावर पासवर्ड गेलाच, तर मोबाइल डेटावरून तो बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला.