वारंवार पडणारे मूल आणि पडद्यामागचा द्रव : या चुका टाळा

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे मुलाला 'धांदरट' ठरवून मोकळे होणे. सपाट जमिनीवर अडखळणारे, जिना उतरताना कठडा न सोडणारे, मऊ गादीवर चालताना हमखास कलंडणारे मूल निष्काळजी असतेच असे नाही. त्याच्या कानाच्या पडद्यामागे, म्हणजे मध्यकर्णात, द्रव साचलेला असू शकतो. तोल सांभाळणारी इंद्रिये लगतच्या अंतर्कर्णात असतात आणि मध्यकर्णातला दाब बदलला की त्यांच्या कामात अडथळा येत असावा, असे मानले जाते. उजेडात मूल डोळ्यांच्या आधाराने ही उणीव बरीचशी भरून काढते; म्हणून दिवसा ठीक वाटणारे तेच मूल दिवा मालवल्यावर भिंत धरून चालू लागते. 'मला गरगरते' हे लहानग्याला शब्दांत सांगता येत नाही, ते फक्त कडेवर घ्या म्हणते. त्या हट्टावर रागावण्याआधी कान तपासून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

'कान दुखत नाही, म्हणजे कान ठीक आहे' हा समजही फसवा आहे, कारण या विकारात बहुधा ना ताप असतो ना ठणका. हाक ऐकू न येणे किंवा टीव्हीचा आवाज वाढवणे एवढीच खूण दिसते. टिंपॅनोमेट्री ही काही मिनिटांची, न दुखणारी चाचणी पडद्याची हालचाल दाखवते, आणि सपाट आलेख द्रवाकडे बोट दाखवतो.

उपचारांत घाई नको. बहुतेक मुलांमधला द्रव सुमारे 3 महिन्यांत आपोआप ओसरतो. प्रतिजैविके आणि सर्दीची औषधे यात उपयोगी ठरत नाहीत, तर कानात घातलेले तेल अखंड पडद्यापलीकडे पोहोचतच नाही. मात्र वाट पाहणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. 3 महिन्यांनंतरही द्रव टिकला, तर श्रवणचाचणी करून ग्रोमेटचा, म्हणजे कानाच्या पडद्यात बसवायच्या बारीक नळीचा, विचार होतो, आणि ग्रोमेट बसवल्यावर अनेक मुलांचा तोलही सुधारतो. तपासणीच्या वेळी ऐकण्याबद्दल विचारले जाते, पडण्याबद्दल क्वचितच. ते पालकांनी स्वतःहून सांगावे.

उलट टोकाची चूक म्हणजे प्रत्येक झोक्याचे खापर कानावर फोडणे. तोल अचानक गेला, पहाटे डोकेदुखीसह उलट्या होऊ लागल्या, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळे सतत हलू लागले किंवा कानामागे सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.