अंदमानहून गावी परतताना: शेवटचे तीन दिवस असे आखा

तूर विकून झालेली असते आणि गहू निघायला अवकाश असतो. फेब्रुवारीच्या अशा मोकळ्या दिवसांत अंदमानची सहल चांगली जमते, समुद्रही तेव्हा बराच शांत असतो. जाण्याची तयारी सगळे नीट करतात. घोळ होतो तो परतीचा. म्हणून परतीचा हिशेब नेहमी उलटा मांडावा: आधी विमान, मग बोट, मग समुद्रातली शेवटची डुबकी.

समजा, पोर्ट ब्लेअरहून तुमचं विमान रविवारी सकाळी आहे. मग हॅवलॉक किंवा नील बेटाहून शनिवारी सकाळच्या बोटीनं निघा आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. खासगी बोटीला हॅवलॉकहून साधारण दीड-दोन तास लागतात, सरकारीला त्याहून जास्त. त्यामुळे सकाळची बोट धरून त्याच दुपारचं विमान गाठता येईल असं वाटतं, पण ते करू नका. वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि मग विमान चुकतं, पुढची रेल्वेही चुकते. तिकिटं वेगवेगळी असली की एकाचा उशीर दुसरा भरून देत नाही. नावांकडेही लक्ष असू द्या. हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप आहे. पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम झालं. तिकिटावर दोन्हींपैकी कोणतंही नाव असू शकतं.

स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहणं, करायचं असेल तर ते शुक्रवारी दुपारच्या आत आटपा. पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या आतला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी, साधारण दोन हजार मीटर उंचीवर असतो तेवढा. उरलेल्या वायूचे तिथे बुडबुडे झाले तर सांधे दुखतात, चक्कर येते, कधी जिवावरही बेततं. एकच साधी डुबकी असेल तर उड्डाणापूर्वी किमान 12 तास आणि एकापेक्षा जास्त असतील तर किमान 18 तास जाऊ द्यावेत, असं डायव्हिंगचे जाणकार सांगतात. आपण सरळ पूर्ण दिवस सोडावा. मास्क लावून वरच्यावर पोहण्याला, म्हणजे स्नॉर्केलिंगला, हा नियम नाही.

हॅवलॉक-नीलवरच्या शेवटच्या संध्याकाळी फसगत होते ती घड्याळामुळे. अंदमान नागपूरच्या बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच. त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे 55 मिनिटं आधी माथ्यावर येतो. हिवाळ्यात पाच-साडेपाचला दिवस बुडतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहायचा तर चारलाच तिथे असावं, सहाला निघणाऱ्यांच्या वाट्याला अंधार येतो. अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नका. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाटी असेल तिथे दिवसाही टोंगळ्याएवढ्या पाण्यात जायचं नाही. नीलचा खडकाचा नैसर्गिक पूल बघायचा असेल तर ओहोटीची वेळ हॉटेलात विचारून घ्या. ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही.

आता कपडे. समुद्राच्या पाण्यात भिजलेलं कापड नुसतं वाळत घातलं तर ते पूर्ण वाळतच नाही. त्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. असे कपडे बॅगेत कोंबले की चेन्नईपर्यंत वास सुटतो आणि घरी पोचेपर्यंत बुरशीचे काळे ठिपके पडतात. शुक्रवारी दुपारनंतर कोणतंही कापड समुद्रात भिजवू नका. भिजलेले कपडे बादलीभर गोड्या पाण्यातून दोनदा काढा. बेटावर गोडं पाणी जपून वापरावं लागतं, नळ सोडून ठेवू नका. मग कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा आणि पंख्याखाली पसरा. ओली वाळू झटकून निघत नाही, ती आधी वाळू द्या. पायाला चिकटलेल्या वाळूवर टाल्कम पावडर चोळली तर लगेच सुटते. चपलेचे बक्कल, चष्म्याची काडी, बॅगेची चेन गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसा, नाहीतर महिन्याभरात चेन अडकते. फोनच्या चार्जिंगच्या भोकात ओल असेल तर चार्जर लावू नका.

उन्हानं चटका बसला असेल तर पहिल्या दिवशी खोबरेल चोपडू नका, तेलानं आतली उष्णता कोंडते. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, मग कोरफडीचा गर लावा. पाणी भरपूर प्या. परतल्यावर विदर्भाच्या कोरड्या हवेत ही कातडी जास्त सोलवटते, ती ओढून काढायची नाही.

बॅग भरताना सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: किनाऱ्यावरचं काहीही घेऊ नका. प्रवाळ मेलेलं, तुटलेलं, पांढरं पडलेलं असलं तरी ते नेणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (1972) गुन्हा आहे. काही शंख-शिंपलेही याच कायद्यात येतात आणि कोणते ते नुसतं पाहून आपल्याला कळत नाही. सामान तपासणीत ते सापडतं. लहान मुलांचे खिसे आणि डबे आदल्या रात्रीच तपासा, पोरं हमखास काहीतरी लपवतात. नातेवाइकांसाठी शंखाची वस्तू हवीच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी सागरिका एम्पोरियमसारख्या ठिकाणी घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा. देवाला चढवायला नारळ घेतला असेल तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत पाहिजे.

शनिवारी बोट सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर पोचा, मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. बोट लागत असेल तर उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या, दोन बिस्किटं खा, उपाशी बसू नका. जागा मधली आणि खालची घ्या, तिथे हेलकावा कमी असतो. नजर क्षितिजावर ठेवा, फोनवर नको. पोर्ट ब्लेअरची दुपार सेल्युलर जेलसाठी मोकळी ठेवा. तुरुंगाच्या सात पाकळ्यांपैकी, म्हणजे कोठड्यांच्या लांब इमारतींपैकी, आता तीन उरल्या आहेत, त्या घाईत पाहण्यासारख्या नाहीत.

चेन्नईला उतरलात तर विमान उतरणं आणि रेल्वे सुटणं यांत किमान सहा तास ठेवा. विमानतळापासून सेंट्रलपर्यंत मेट्रो आहे. तिथून रात्री तामिळनाडू एक्स्प्रेस बल्लारशाहमार्गे दुसऱ्या दिवशी नागपूरला आणते. कोलकात्याहून यायचं असेल तर हावड्याची गीतांजली गोंदिया, नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला अशी येते, पश्चिम विदर्भाला ती सोयीची. स्वेटर बॅगेत वरच ठेवा. बेटावर घाम काढणारी हवा असते आणि आपल्याकडे फेब्रुवारीची पहाट अजून गार असते.

घरी पोचल्यावर पुढच्या काही आठवड्यांत थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्या. अंदमानला जाऊन आलो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. तिथे मलेरिया आहे आणि त्याचा ताप डास चावल्यानंतर बऱ्याच दिवसांनीही येतो.