चंबळवर सुसर बघायला निघालात? आधी या चुका टाळा

दरवर्षी डिसेंबरात तानसेन समारोहाच्या निमित्ताने ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी पुण्या-नाशिकचे पाहुणे येतात. किल्ला होतो, जयविलास महाल होतो, महाराज बाड्याच्या बाजारात खरेदी होते आणि मग कोणीतरी विचारतंच, "चंबळवर बोटीतून नेता का?" नेतो, आणि हौसेने नेतो. मुरैन्याच्या पुढचा राजघाट ग्वाल्हेरहून साधारण ६० किलोमीटर, आणि जगातल्या बहुतेक सुसरी आज या एका नदीत उरल्यात. पण माणसं इतक्या लांबून येऊन त्याच त्या चुकांपायी हिरमुसून परततात, याचं वाईट वाटतं.

पहाटेची घाई

ही चूक मी स्वतः केली आहे. जंगल म्हटलं की पहाट, हे वाघाच्या सफारीमुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आत्या आणि तिच्या दोन नातवंडांना घेऊन मी जानेवारीत सहालाच घाटावर हजर झाले. धुकं असं की पुलाचे खांबसुद्धा दिसेनात. पोरं गाडीत काकडत बसली. नऊच्या सुमारास धुकं विरळ झालं, नाव सुटली, तासभर फिरलो. एकही सुसर नाही. परत घाटाला लागलो तेव्हा ऊन चढत होतं आणि समोरच्या काठावर पहिली सुसर पाण्यातून वर सरकत होती. आमची फेरी संपली होती.

सुसर स्वतःच्या अंगात ऊब तयार करू शकत नाही. थंडीच्या पहाटे हवेपेक्षा पाणी उबदार असतं, म्हणून ती पाण्यातच थांबते. वाळू तापली की वर येते आणि तासन्‌तास पडून राहते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दहा-साडेदहाच्या पुढची फेरी घ्या. एप्रिलपासून गणित उलटतं, तेव्हा सकाळ किंवा संध्याकाळच बरी. पावसाळ्यात नदी गढूळ आणि फुगलेली असते, तेव्हा बेतच करू नका.

सुसर की सूंस?

हा घोटाळा फक्त आपल्या मराठी माणसांचा. आपली सुसर म्हणजे इथलं घड़ियाल, आणि इथले नावाडी ज्याला सूंस म्हणतात तो गंगेतला डॉल्फिन. एका काकांनी नावाड्याला "सुसर दिखाओ" असं तीनतीनदा सांगितलं. तो बिचारा खोल पाण्याकडे बोट दाखवून म्हणत राहिला, "बाबूजी, सूंस तो नीचे की तरफ मिलेगी." इकडे काठावर चार सुसरी पडलेल्या! घड़ियालच म्हणा. नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगवटा असतो, त्यावरूनच हे नाव पडलं. आणि डॉल्फिनची आशा राजघाटावर धरू नका. त्याला खोल पाणी लागतं, तो खालच्या अंगाला, इटाव्याकडे जास्त दिसतो.

तशीच दुसरी गल्लत शिवपुरीची. तिथल्या माधव राष्ट्रीय उद्यानातला सख्यासागर तलाव सुंदर आहे. २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. पण तिथे आहेत त्या मगरी. सुसरीला वाहती, खोल नदी आणि वाळूचे काठ लागतात, तलावात ती सापडायची नाही. दोन्ही बघा, पण कुठे काय बघायचं ते ठरवून निघा.

"आणखी थोडं जवळ घ्या"

सगळ्यात नुकसान करणारी चूक ही, आणि ती प्रेमापोटीच होते. नावाड्याला शंभर-दोनशे जास्त देऊ केले की त्याला नाही म्हणणं जड जातं. एकदा आम्ही इंजिन बंद करून नाव नुसती वाहू दिली. तीसेक मीटरवर मोठा नर होता. तोंड अर्धवट उघडं, वरच्या-खालच्या दातांची बारीक करवत उन्हात चमकत होती आणि घड्यावरून पाण्याचा एक थेंब ओघळत होता. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग दुसरी एक नाव इंजिन फुरफुरवत थेट काठाशी गेली आणि तो नर आवाजसुद्धा न करता पाण्यात उतरला. त्याने सकाळपासून अंगात साठवलेली ऊब गेली, आणि त्या नावेतल्या लोकांना शेपटीखेरीज काही दिसलं नाही.

मार्च ते मे या काळात तर वाळूच्या बेटांवर पाय ठेवूच नका. नावाडी "उतरा, फोटो काढा" म्हणाला तरी नाही. पाणचिरा पक्षी तिथे उघड्या वाळूत अंडी घालतो, वाळूच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. आईबाप उडाले की तापलेल्या वाळूत अंडी भाजून निघतात. त्याच दिवसांत सुसरीची अंडीही काठाच्या वाळूत पुरलेली असतात.

पाण्यात हात घालू नका. सुसर मासे खाते, तिचा निमुळता जबडा माणसासाठी नाही, पण याच नदीत मगरीही आहेत. लाइफ जॅकेटचे पट्टे बांधा, नुसतं गळ्यात अडकवू नका. मुरैन्याची गजक घाटावरच खा आणि कागद खिशात ठेवा. लालभडक स्वेटर नको. दुर्बीण मात्र हवीच, मोबाइलच्या झूममध्ये सुसर आणि ओंडका सारखेच दिसतात.

अडलंच तर

हिवाळ्यात पाणी उतरतं आणि नाव वाळूत रुतते. घाबरून सगळे एका बाजूला उभे राहतात, तेच धोक्याचं. बसून राहा, नावाडी बांबूने ढकलून काढतो. पाण्यावर ऊन चमकून काहीच दिसत नसेल तर सूर्य पाठीशी येईल अशा काठाने नाव न्यायला सांगा.

आणि काहीच दिसलं नाही तर परतीच्या वाटेवर मुरैन्याजवळ देवरीच्या सुसर संगोपन केंद्रात थांबा. नदीकाठची अंडी आणून तिथे उबवतात आणि पिल्लं साधारण १.२ मीटरची झाली की चंबळमध्ये सोडतात. त्या जानेवारीत आत्याच्या नातवंडांना मी तिथे नेलं. हौदाच्या कडेला एक पिल्लू ऊन खात पडलं होतं, चोच तेवढी लांब. धाकट्याने कोपरापर्यंतचा हात जाळीशी धरून त्याच्याशी मापून पाहिला.