इंग्लंडातले अडीच गुंठे: कुठल्या वयात अलॉटमेंट कशी करायची

इंग्लंडात राहताय आणि घरामागे जेमतेम कपडे वाळत घालण्याएवढी जागा आहे? मग आधी कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) साइटवर जाऊन अलॉटमेंटच्या, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याच्या, वेटिंग लिस्टला नाव टाका, बाकीचं नंतर वाचा. नंबर लागायला बऱ्याच ठिकाणी वर्षं जातात. आम्ही नाव दिलं तेव्हा नुकतं लग्न झालेलं आणि प्लॉटची चावी हातात आली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, म्हणजे कळलं ना. तुमच्या भागात अलॉटमेंटच नसेल तर सहा स्थानिक मतदारांनी मिळून लेखी मागणी करा, 1908 च्या कायद्यानुसार कौन्सिलला ती विचारात घ्यावी लागते (इनर लंडन, म्हणजे लंडनचा मधला भाग सोडून). आणि हो, भारतीय पासपोर्टवर पण इथे मतदार यादीत नाव घालता येतं.

पूर्ण प्लॉट म्हणजे 10 रॉड (इथलं जमीन मोजायचं जुनं माप), साधारण 250 चौरस मीटर, आपल्या भाषेत बरोब्बर अडीच गुंठे. ऐकायला कमी वाटतं पण दोघं नोकरी करणारे असाल तर घेऊ नका, अर्धाच मागा. जून महिन्यात दोन आठवडे भारतात जाऊन या आणि मग तण बघा. आम्ही हौसेने पूर्ण घेतला, पहिल्या वर्षी खुरपून खुरपून कंबर गेली आणि तरी कौन्सिलचं ‘प्लॉट नीट ठेवा’ पत्र आलंच. दुसऱ्या वर्षी खणणंच बंद केलं, खोक्यांचे पुठ्ठे टेप काढून सरळ तणावर अंथरले, वर 10-15 सेंमी कंपोस्ट टाकलं आणि त्यातच रोपं लावली. विशी-तिशीतल्या बिझी लोकांसाठी हेच बेस्ट, जोडीला बटाटे, कांदे, ऱ्हुबार्ब (आंबट दांड्यांची भाजी), रास्पबेरी अशी रोज तोंड न बघितलं तरी चालणारी पिकं.

लहान मुलं असतील तर त्यांना स्वतःचा एक छोटा वाफा द्या आणि त्यात रॅडिश, म्हणजे छोटे लाल मुळे पेरा, चार-पाच आठवड्यांत उपटता येतात, त्याहून जास्त धीर त्यांच्यात नसतो. मटार पण लावा, घरी एक दाणा पोचणार नाही पण ते असू दे. पाण्याच्या पिंपाला झाकण हवंच, आणि ऱ्हुबार्बची पानं विषारी असतात, फक्त दांडे खायचे, हे मुलांना आणि पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

आपल्या भाज्यांचं म्हणाल तर शेपू आणि मेथी इथे मस्त येते, स्वयंपाकघरातल्या बरणीतली मेथी पेरली तरी उगवते. कोथिंबीर जूनच्या लांबलचक दिवसांत लगेच फुलावर जाते, म्हणून एप्रिलमध्ये किंवा मग थेट ऑगस्टमध्ये पेरा. भेंडी उघड्यावर लावून स्वतःला त्रास करून घेऊ नका, ग्रीनहाउस असेल तरच.

आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिजावर येतात तेव्हा खरी मजा. दिवसभर घरात टीव्हीसमोर कंटाळतात, इथे शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा आणि माझे बाबा एकमेकांची भाषा धड न कळता तासभर गोगलगायींवर बोलतात. फक्त गुडघ्यांचा विचार करा. एक-दोन वाफे 60-70 सेंमी उंच बांधून घ्या, रुंदी 120 सेंमीच्या वर नको म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आणि मधली वाट 90 सेंमी ठेवा, पुढे कोणाला वॉकर लागला तरी अडत नाही. बसायला एक खुर्ची आणि चहाचा थर्मास. स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागले की प्लॉट सोडू नका, अर्धा परत द्या, बऱ्याच कौन्सिल खुशीने घेतात कारण लाइन लागलेलीच असते.

लसूण मात्र आई परत जायच्या आधी, ऑक्टोबरात, तिच्याकडूनच लावून घ्या. पाकळीचं टोक वर, दोन-तीन सेंमी खोल, दोन पाकळ्यांत वीतभर अंतर. जुलैत काढायचा, तोवर तिचं पुढचं तिकीट काढून ठेवा.