सामूहिक बागेतला वाफा: आधी फेऱ्या मोजा, मग जागा मागा

सामूहिक बागेत नाव घालायला आलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, जागा किती मिळेल? त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की आठवड्यातून किती वेळा येणं जमेल? माती वाईट निघाली म्हणून वाफा ओस पडतो, असं क्वचितच होतं. पेरणीनंतर चौथ्या-पाचव्या आठवड्यात तण आणि पाणी दोन्ही एकदम अंगावर येतात आणि नेमकं तेव्हाच घरातून निघणं होत नाही.

हिशेब ढोबळ आहे. आठवड्याला तीन फेऱ्या, दर फेरीला अर्धा-पाऊण तास, एवढं नक्की जमणार असेल तर १.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब, म्हणजे ३ चौरस मीटरचा वाफा घ्या. दोनच फेऱ्या जमत असतील तर तेवढाच वाफा दोघांत घ्या. फक्त सुट्टीच्या दिवशी येता येणार असेल तर पहिल्या हंगामात स्वतःचा वाफा घेऊच नका. सामायिक वाफ्यांवर काम करा, हात बसू द्या. रुंदी मात्र १.२ मीटरच्या पुढे नेऊ नका. दोन्ही बाजूंनी हात ६० सेंटिमीटरपर्यंतच पोचतो. वाफा त्याहून रुंद झाला की माणूस आत पाय टाकतो आणि पाय पडला की माती दबते.

नाव घालण्याआधी

बाग दोनदा बघा: एकदा सगळे कामाला जमतात तेव्हा आणि एकदा आडवारी, भर दुपारी. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता वाफ्यावर सावली कुठे पडते ते पाहा. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी अशा फळभाज्यांना दिवसाला ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या ४ तासांतही येतात. नळापासून वाफ्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. भरलेली झारी १० किलोची असते, आणि कोरड्या आठवड्यात ३ चौरस मीटरला अशा सात-आठ झाऱ्या लागतात.

मग खताच्या ढिगापाशी जा. बाग कशी चालते ते कार्यकारिणीपेक्षा तो ढीग जास्त खरं सांगतो. वास मारणारा, वर प्लॅस्टिक टाकलेला ढीग म्हणजे कामाच्या पाळ्या कागदावरच आहेत, असं समजा.

विचारून घ्यायचं ते असं: जमिनीचा करार कधीपर्यंत आहे (दोन वर्षांचाच असेल तर फळझाडं लावण्यात अर्थ नाही), पाण्याचं बिल कसं वाटतात, रासायनिक फवारणी चालते का, महिन्याला किती तास सामायिक काम, वाफा किती दिवस पडीक राहिला तर काढून घेतात. गावाला जाताना पाणी कोण घालणार, हेही आधीच ठरवा. शेजारच्या वाफेकऱ्याशी सरळ व्यवहार करा: तुम्ही नसताना पाणी त्याचं आणि त्या दिवसांतली तोडणीही त्याचीच. तोडणीचं हे कलम महत्त्वाचं. काकडी, घेवडा वेळच्या वेळी तोडला नाही तर शेंगा-फळं जून होतात आणि वेल नवी फुलं धरायचं थांबवतो.

माती तपासणं

जागेवर पूर्वी काय होतं ते शोधा. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत, वर्दळीच्या रस्त्याकडेला किंवा गॅरेजच्या जागी मातीत शिसं असू शकतं. जुन्या रंगातून आणि पूर्वीच्या शिसेयुक्त पेट्रोलमधून ते मातीत उतरलेलं असतं आणि आपोआप जात नाही. अशा ठिकाणी प्रयोगशाळेतली तपासणी झालेली नसेल तर आधी ती करून घ्या. त्याच वेळी मातीचा सामूही, म्हणजे आम्लपणा दाखवणारा pH आकडा, मागा. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ मानवतो. शिसं जास्त निघालं तर खाली जाड कापड अंथरून ३० सेंटिमीटर उंचीचा वाफा बांधा आणि बाहेरची स्वच्छ माती भरा. ३ चौरस मीटरला ही माती ९०० लिटर होते. दोन-चार पोत्यांचं काम समजून निघालेले इथेच अडकतात. चौकटीला रेल्वेचे जुने स्लीपर किंवा औषध मारलेलं जुनं लाकूड वापरू नका. पहिल्यात क्रिओसोट हे डांबरासारखं विषारी रसायन असतं, दुसऱ्यात बरेचदा आर्सेनिक.

मातीचा पोत, म्हणजे वाळू आणि चिकणमातीचं प्रमाण, घरीच कळतो. काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी आणि चिमूटभर साबणाची पूड घालून पाच मिनिटं हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकणमातीला दिवस-दोन दिवस लागतात. थरांची जाडी पट्टीने मोजा. निचऱ्यासाठी ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता तासाला पाणी किती उतरतं ते पाहा. २ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर तिथे उंच वाफाच हवा, नाहीतर मुळं कुजतील.

हरळी आणि लव्हाळा

पडीक वाफा हाती आला की कुदळ चालवायचा मोह होतो. थांबा. हरळीच्या कांडीचा प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. एकदा खणून काढलेली हरळी महिन्याभरात दुप्पट दिसते ती त्यामुळेच. तण बुडाशी कापा, जमीन ओली करा, वर पुठ्ठे अंथरा. चिकटपट्टी आणि पिना काढलेल्या असाव्यात, आणि दोन पुठ्ठे एकमेकांवर १५ सेंटिमीटर चढलेले असावेत, कारण हरळी फट शोधतेच. पुठ्ठ्यांवर १० ते १५ सेंटिमीटर सुका पाला किंवा पेंढा घाला आणि दोन-तीन महिने हात लावू नका. लव्हाळ्याला हा उपाय पुरत नाही. त्याचा टोकदार कोंब पुठ्ठा भोसकून वर येतो. तो ओल्या मातीत खुरप्याने खोलवर जाऊन गाठीसकट काढायचा, दर आठवड्याला, न चुकता. काढलेली हरळी आणि गाठी खताच्या ढिगात टाकायच्या नाहीत.

खत

चांगल्या ढिगाला किमान एक मीटर लांबी, रुंदी आणि उंची लागते. त्याहून लहान ढीग आतली ऊब धरत नाही. आकारमानाने दोन-तीन भाग सुकं (वाळलेली पानं, पुठ्ठ्याचे तुकडे, पेंढा) आणि एक भाग ओलं (भाजीचे देठ, साली, ताजं तण). ओल किती हवी? मूठभर घेऊन घट्ट पिळा. एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त. लोखंडी गज ढिगाच्या मध्यात पाच मिनिटं खुपसून बाहेर काढा. धरवणार नाही इतका तापला असेल तर काम सुरू आहे. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिलं तरच तणाचं बी मरतं. अमोनियासारखा झोंबणारा वास म्हणजे ओलं जास्त, सुकं मिसळा. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही, ढीग उलटा. वास नाही आणि ऊबही नाही, म्हणजे तो कोरडा तरी आहे किंवा लहान तरी. दर आठवड्याला उलटलात तर दोन-तीन महिन्यांत खत होतं, नुसतं पडू दिलंत तर सहा महिने ते वर्ष. मांस, तेलकट अन्न, कुत्र्या-मांजराची विष्ठा आणि रोगट झाडं यात जात नाहीत.

वाफ्यावर वर्षातून एकदा २ ते ३ सेंटिमीटरचा थर बास. २.५ सेंटिमीटर धरले तर ३ चौरस मीटरला ७५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या पाच बादल्या. जास्त घातलं म्हणून जास्त पिकत नाही. वर्षानुवर्षं ओतत राहिलं तर मातीत स्फुरद (फॉस्फरस) साचत जातं.

बाहेरून आणलेल्या शेणखताबाबत दोन गोष्टी. ते कच्चं असेल तर जमिनीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीआधी किमान १२० दिवस मातीत मिसळलेलं हवं, कारण त्यात पोटाचे आजार करणारे जंतू असतात. दुसरी गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड ही तणनाशकं गवतावर मारली, ते गवत जनावराने खाल्लं, तरी शेणात शाबूत राहतात आणि कुजवूनही लवकर जात नाहीत. एका गाडीने अख्ख्या बागेतले टोमॅटो आणि शेंगवर्ग वाया जाऊ शकतात. म्हणून गाडी वाटण्याआधी चाचणी घ्या: तीन कुंड्यांत निम्मी माती आणि निम्मं हे खत, तीन कुंड्यांत नुसती चांगली माती, प्रत्येकीत घेवड्याचे तीन दाणे. तीन आठवड्यांनी खताच्या कुंड्यांतली नवी पानं वाटीसारखी वळलेली किंवा पिळवटलेली दिसली तर ते खत कुणीच घ्यायचं नाही.

काय, कुठे, किती

वाफ्याच्या एका टोकाला ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात टोमॅटोची दोन रोपं. त्याला लागून जाळी उभी करून वेलघेवडा, १५ सेंटिमीटरवर एक, म्हणजे रुंदीत आठ. उंच पिकांचं हे टोक उत्तर गोलार्धात उत्तरेला ठेवा, दक्षिण गोलार्धात दक्षिणेला. नाहीतर उरलेला वाफा सावलीत जातो. बाकीच्या दीड-पावणेदोन मीटरमध्ये २० ते २५ सेंटिमीटरवर आडव्या ओळी: मुळा, पालक, बीट, गाजर, सॅलडचा पाला. सगळ्या ओळी एका दिवशी पेरू नका. दर १०-१४ दिवसांनी एक-दोन ओळी पेरल्यात तर एकाच आठवड्यात चाळीस मुळे घरात येणार नाहीत. भोपळ्याचा वेल एवढ्याशा वाफ्यात नको, तो शेजाऱ्याकडे जाणारच. पुदिना कुंडीतच.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावं. जुनं बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. पाचपेक्षा कमी उगवले तर नवं आणा. विरळणी मात्र टाळू नका, कितीही जिवावर आलं तरी. मुळ्यात ५ सेंटिमीटर अंतर राहिलं नाही तर वर पाला माजतो आणि खाली सुतळीसारखं मूळ निघतं. बीटचा जो दाणा आपण पेरतो तो खरं तर अनेक बियांचा झुबका असतो, म्हणून एका जागी दोन-तीन कोंब येतात. नको असलेले उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा. उपटताना ठेवायच्या रोपाचं मूळही हलतं.

टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं काढून दांडा पानांपर्यंत मातीत पुरा. पुरलेल्या दांड्याला मुळं फुटतात.

पाणी

कोरड्या आठवड्यात चौरस मीटरला २५ लिटर हा सरासरी आकडा. ते दोन वेळा विभागून, सकाळी, मुळाशी द्या. रोज शिंपडलं तर मुळं वरच्या थरातच पसरतात आणि एक दिवस चुकला तरी झाड माना टाकतं. (नुकतं पेरलेलं बी याला अपवाद, त्याचा वरचा थर रोज ओला हवा.) पावसाचा अंदाज घ्यायला सरळ कडांचा पत्र्याचा डबा वाफ्याशेजारी ठेवा. त्यात आठवड्यात २५ मिलिमीटर पाणी साठलं तर त्या आठवड्याची झारी माफ.

मातीवर सुक्या पाल्याचं आच्छादन ५ ते ७ सेंटिमीटर, खोडापासून ५ सेंटिमीटर दूर. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडून खपली धरली की कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं आणून टाकण्याची पद्धत आहे. ती कुजायला फार वेळ घेतात, त्या हंगामाला उपयोग नाही. कॅल्शियम बहुतेक मातीत असतंच. ते पाण्याबरोबर फळात जातं आणि पाणी कधी भरपूर, कधी नाही, असं झालं की पोचत नाही.

कीड, रोग आणि शेजारी

कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला की लगेच फवारा उचलू नका, आधी पान उलटं करून पाहा. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, चिमुकल्या मगरीसारखी अळी मावा खाताना दिसली तर ती ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू आहे. कीड समजून सगळ्यात जास्त मारली जाते ती हीच. मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा. गोड स्रावासाठी मुंग्या माव्याची राखण करतात. तरीही मावा आवरत नसेल तर लिटरभर पाण्यात १० मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण, कपड्यांचा किंवा भांड्यांचा डिटर्जंट नव्हे. एका पानावर मारून एक दिवस वाट पाहा, मग संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. अंगावर पडला तरच तो मारतो, वाळल्यावर त्याचा उपयोग नाही.

करपा दिसला तर झाकू नका. बीजाणू वाऱ्यावर जातात, त्यामुळे त्याच दिवशी सगळ्यांना कळवा, रोगट भाग पिशवीत बंद करून बागेबाहेर न्या, आणि कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसून मगच अवजारांच्या सामायिक खोलीत ठेवा. तंबाखू हाताळणाऱ्यांनी टोमॅटो-मिरचीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून झाडात जातो.

पिकांची फेरपालट ३ चौरस मीटरमध्ये एकट्याने करणं म्हणजे मनाचं समाधान. मातीतले सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) आणि बुरशी मीटरभर अंतर मोजत नाहीत. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे एकच कुळ आहे. अख्ख्या बागेने मिळून ठरवावं की यंदा हे कुळ या रांगांत, पुढची तीन वर्षं तिथे नाही. नकाशा खोलीच्या दारावर लावून ठेवा. शेंगवर्ग संपला की झाड उपटू नका, बुडाशी कापा, म्हणजे मुळांतला नत्र (नायट्रोजन) मातीत राहतो. मात्र शेंगा तोडून खाल्ल्यात तर बराचसा नत्र त्यांच्याबरोबर गेलेला असतो. पुढच्या पिकाला खत लागेलच.

बी धरणं

टोमॅटो, घेवडा आणि सॅलडचा पाला यांचं बी सहसा मूळ जातीसारखंच उतरतं, संकरित वाणाचं सोडून. टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, धुवा, कागदावर नव्हे, ताटलीत वाळवा. कागदाला बी चिकटून बसतं. बरणीवर जात आणि वर्ष लिहा.

भोपळावर्गाचं बी सामूहिक बागेत धरू नका. मधमाशी दहा वाफ्यांवर फिरते, आणि कुणी शोभेचे भोपळे लावले असतील तर त्यांचा परागही तुमच्या फुलावर येतो. यंदाचं फळ नेहमीसारखंच लागतं; फरक पुढच्या वर्षी त्या बीच्या वेलावर उतरतो. अशा वेलाचं, किंवा आपोआप उगवलेल्या वेलाचं फळ चिरलं की कच्चा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून टाका, चूळ भरा. तो कडवटपणा कुकुरबिटासिन या विखाराचा असतो, शिजवूनही जात नाही. फळ टाकून द्या आणि वेल मुळासकट काढा.